परभणीच्या रेडिओवर कोलंबो कसं लागायचं? गाण्यांच्या रेडिओच्या दिवसांची गोष्ट

परभणीत आज ‘डीजे’ म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? टेम्पोवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, पुढे नाचणारी पोरं आणि आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांची तावदानं हलतील असा आवाज. ‘डीजे कुणाचा सांगितला?’ हा लग्नघरातला प्रश्न यंत्राबद्दलचा असतो. ते यंत्र चालवणाऱ्या माणसाचं नाव सहसा कुणी विचारत नाही.

हा शब्द मुळात माणसासाठी होता. डिस्क जॉकी म्हणजे रेडिओवर तबकड्या लावणारा आणि दोन गाण्यांच्या मध्ये बोलणारा माणूस. 1935 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावर मार्टिन ब्लॉक नावाचा निवेदक एका गाजलेल्या खटल्याच्या बातम्यांमधला रिकामा वेळ तबकड्या लावून भरू लागला. समोर खराखुरा वाद्यवृंद बसला आहे आणि आपण नाचघरातून बोलतो आहोत, अशा थाटात तो बोलायचा. लोकांना ते नाटक इतकं आवडलं की त्याचा स्वतंत्र कार्यक्रमच झाला. ‘डिस्क जॉकी’ हा शब्द वॉल्टर विन्चेल या पत्रकाराने ब्लॉकसाठीच वापरला, असं सांगतात.

असा माणूस परभणी जिल्ह्यातल्या घरांमध्ये पोचला तो मुंबईहून नाही, पुण्याहून नाही आणि औरंगाबादहूनही नाही. तो आला कोलंबोहून. परभणीपासून सुमारे 1400 किलोमीटर लांब, समुद्रापलीकडून.

हे कसं झालं, ते समजून घ्यायचं तर आधी थोडं सरकारी धोरण आणि मग थोडं विज्ञान बघावं लागतं.

सरकारने गाणी बंद केली

1952 मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते जाणकार होते आणि सिनेमाच्या गाण्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ कापला गेला, गाणी आधी तपासून घ्यायची पद्धत आली आणि गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगायचं नाही असंही ठरलं. सिनेमाचं नाव घेणं म्हणजे निर्मात्याची फुकट जाहिरात, हे त्यामागचं कारण. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाचं गाणं जवळपास नाहीसं झालं.

आता 1952 साल आठवून बघा. नौशाद, शंकर-जयकिशन, सी. रामचंद्र, अनिल विश्वास हे सगळे ऐन भरात. लता मंगेशकरांचं नाव घरोघरी होऊ लागलेलं. हे नाव घरोघरी होण्यातही रेडिओचाच हात होता. 1949 च्या ‘महल’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं, ‘कामिनी’. गाणं रेडिओवर लागल्यावर ‘ही गाते कोण?’ अशी विचारणा करणारी पत्रं आली आणि खरं नाव बाहेर आलं.

म्हणजे ऐकणारे तयार, गाणी तयार आणि देशातला एकमेव रेडिओ म्हणतो की आम्ही ती वाजवणार नाही.

ही पोकळी रेडिओ सिलोनने भरली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी कोलंबोजवळ ताकदीचं लघुलहरी प्रक्षेपण केंद्र उभारलं गेलं होतं. युद्ध संपलं, यंत्रणा तिथेच राहिली. सिलोनने तिच्यावर व्यापारी सेवा सुरू केली, भारतीय जाहिरातदारांना वेळ विकला आणि जे दिल्लीला नको होतं ते सगळं वाजवलं.

गंमत म्हणजे बारा वर्षांनी ब्रिटनमध्ये जवळपास हेच झालं. बीबीसीवर तबकड्या वाजवण्याच्या तासांवर मर्यादा होती, तरुणांना पॉप संगीत हवं होतं. 1964 मध्ये ‘रेडिओ कॅरोलाइन’ नावाचं केंद्र चक्क जहाजावर सुरू झालं. जहाज किनाऱ्यापासून लांब, ब्रिटिश कायद्याच्या हद्दीबाहेर उभं आणि गाणी सगळ्या इंग्लंडभर. 1967 मध्ये सरकारने अशा केंद्रांविरुद्ध कायदा केला आणि त्याच वर्षी बीबीसीला स्वतःचं पॉप केंद्र, ‘रेडिओ वन’, काढावं लागलं. भारतात आकाशवाणीने 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू केली ती याच न्यायाने. लोकांचे कान परत मिळवायचे तर लोकांना हवं ते वाजवावं लागतं.

पण कोलंबो परभणीत ऐकू कसं यायचं?

रेडिओच्या लहरी तीन वेगवेगळ्या प्रकारे प्रवास करतात आणि त्या काळातल्या रेडिओचा सगळा स्वभाव या तीन प्रकारांत दडलेला आहे.

लघुलहरी, म्हणजे शॉर्ट वेव्ह, वर आकाशात जातात. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेल्या हवेचे थर आहेत. लघुलहरी त्यांवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे कोलंबोचं केंद्र परभणी, जिंतूर, गंगाखेड असं कुठेही सहज लागे. मात्र हे थर स्थिर नसतात. वेळेनुसार, ऋतूनुसार ते खाली-वर होतात. म्हणून सिलोनचा आवाज लाटेसारखा येई, मध्येच विरून जाई आणि पुन्हा भरून येई. ऐन मुखड्याला आवाज गेला आणि अंतऱ्याला परत आला, हा अनुभव त्या पिढीतल्या प्रत्येकाचा. रेडिओ बिघडलेला नसायचा. आकाश हलत असायचं.

मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, दिवसा जमिनीला धरून चालतात. केंद्राची ताकद चांगली असेल तर शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत त्या नीट पोचतात. जमीन विजेची जितकी चांगली वाहक, तितका हा पल्ला वाढतो आणि ओलावा धरणारी काळी माती याबाबतीत खडकाळ, मुरमाड जमिनीपेक्षा उजवी. रात्री वरचा एक शोषून घेणारा थर नाहीसा होतो, मग मध्यम लहरीही आकाशातून परततात आणि दिवसा न ऐकू येणारी लांबची केंद्रं एकमेकांवर चढू लागतात.

तिसरा प्रकार एफएम. आवाज स्वच्छ, खरखर नाही, पण लहर साधारण सरळ रेषेत जाते. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून क्षितिज चाळीसेक किलोमीटरवर संपतं. त्यापुढे आवाज लवकरच गळतो.

आज अनेकांना कोडं पडतं की आजोबांच्या साध्या रेडिओवर श्रीलंका लागायची आणि महागड्या गाडीत शहर सोडलं की पाऊण तासात रेडिओ कसा जातो. त्याचं उत्तर एवढंच आहे. आजोबांच्या रेडिओची लहर वेगळी होती.

अजून एक गोष्ट. वीज कडाडली की मध्यम आणि लघुलहरींवर खर्र असा आवाज उमटतो आणि ढग दिसायच्या आधीही तो ऐकू येऊ शकतो. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारी रेडिओ खरखरू लागला तर वळीव कुठेतरी जवळ आलाय, हा अंदाज शास्त्राला धरूनच आहे.

पंधरा वर्षं मराठवाड्याचं केंद्रच नव्हतं

परभणीच्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग इथे आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही.

परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या ‘दक्कन रेडिओ’चं हैदराबादबरोबर औरंगाबादलाही केंद्र होतं. संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1950 मध्ये ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीकडे आली. 1953 मध्ये औरंगाबादचं केंद्र बंद झालं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला पुणे केंद्र सुरू झालं.

पुण्याला केंद्र मिळालं याचा आनंदच आहे. 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर तिथूनच ‘गीतरामायण’ प्रसारित झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, सीताकांत लाड यांची कल्पना आणि एकूण 56 गाणी. पश्चिम महाराष्ट्रात लोक रेडिओला हार घालून ते ऐकत, ही आठवण वारंवार सांगितली जाते. आता नकाशा घ्या. परभणी पुण्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून लांब. सकाळच्या वेळी मध्यम लहर एवढं अंतर धडपणे कापत नाही. मराठीतला रेडिओचा सगळ्यात मोठा प्रसंग घडत होता तेव्हा मराठवाड्यातल्या मराठी माणसाकडे त्यासाठी जवळचं केंद्र नव्हतं. त्याच माणसाच्या रेडिओवर कोलंबो मात्र खणखणीत लागत होतं.

त्या काळातल्या मराठवाड्याच्या आठवणींत मराठी भावगीतांपेक्षा हिंदी सिनेमाची गाणी जास्त का, याचं एक कारण असं डायलवर सापडतं. भाषेचंही एक कारण आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज आणि शिक्षण उर्दूत चालायचं. परभणी, पाथरी, गंगाखेडच्या बाजारात मराठी आणि दखनी शेजारी शेजारी बोलल्या जायच्या, आजही जातात. सिलोनची हिंदुस्थानी या कानांना परकी नव्हतीच. पुढे साठच्या दशकात आकाशवाणीची उर्दू सेवा सुरू झाली आणि तिच्यावरचा ‘आपकी फर्माइश’ देशभर ऐकला जाऊ लागला.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. आकाशवाणीचं परभणी केंद्र सुरू झालं 1968 मध्ये. मधली पंधरा वर्षं कोरडी गेली.

1305 वर परभणी

केंद्र औरंगाबादला न होता परभणीला झालं, हे आजही कित्येकांना नवल वाटतं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून ज्या गावाची थट्टा व्हायची, त्या गावाचं नाव रोज सकाळी रेडिओ लावला की ऐकू येऊ लागलं. परभणी मराठवाड्याच्या साधारण मध्यावर आहे, हे नकाशावर सहज दिसतं. मध्यम लहर चहूबाजूंना सारखी पसरते, तेव्हा अशा ठिकाणाहून एकाच मनोऱ्यात मराठवाड्याचा मोठा भाग येतो. 20 किलोवॅटचं प्रक्षेपण, 1305 किलोहर्ट्झ. मीटरमध्ये सांगायचं तर सुमारे 230 मीटर. जुन्या डायलवर आकडे मीटरमध्ये असायचे, त्यामुळे काहींच्या लक्षात तोच आकडा.

चार वर्षांनी, 1972 मध्ये, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ आलं. आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. 1972 हे महाराष्ट्रातल्या भीषण दुष्काळाचं साल. ज्या जिल्ह्यात शेतीचं विद्यापीठ आहे आणि रेडिओचं केंद्रही आहे, तिथे संध्याकाळच्या रेडिओवर पेरणी, बियाणं, कीड, बाजारभाव असणार हे ओघाने आलं. ग्रामीण केंद्राची ही खासियत पुढच्या सगळ्याच गाण्यांच्या आठवणींत मिसळलेली आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि त्यापाठोपाठ आशा भोसले, असा क्रम दुसऱ्या कुठल्या माध्यमाने दिला नसता.

सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्या राज्यभरातली केंद्रं सहक्षेपित करत. सुधा नरवणे यांचा आवाज त्यामुळे कोल्हापुरात जितका ओळखीचा तितकाच मानवतला. लोक या बातम्यांवर घड्याळं लावत. शाळेला निघायची, पाणी भरायची, एसटी पकडायची वेळ रेडिओ सांगायचा. त्याआधी हेच काम सिलोनने केलं होतं. सिलोनच्या सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं असे. सैगल गायला लागले की आठ वाजत आले.

निवेदक आणि डीजे यांत फरक काय?

रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ 3 डिसेंबर 1952 ला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठ वाजता लघुलहरींवरून आवाज परत भारतात यायचा. प्रायोजक टूथपेस्टची कंपनी. सादर करणारे अमीन सयानी, तेव्हा ऐन विशीत, आठवड्याला 25 रुपये मानधनावर. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे 9,000 पत्रं आली, असं ते पुढे सांगत. पुढे आकडा आठवड्याला 65,000 च्या घरात गेला.

सयानींनी काय वेगळं केलं? त्यांनी ऐकणाऱ्याशी गप्पा मारल्या. ‘बहनों और भाइयों’ म्हणताना बहिणी आधी घेतल्या. गाण्यांना क्रमांक म्हणण्याऐवजी ‘पायदान’ म्हटलं, म्हणजे गाणं जिना चढतंय किंवा उतरतंय असं चित्र उभं राहायचं. पहिल्या क्रमांकाच्या गाण्याआधी बिगुल वाजवला. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती लिपीत काढायच्या. अमीन सयानींनी लहानपणी त्या कामात मदत केली होती. साधी, कुणालाही अडणार नाही अशी हिंदुस्थानी त्यांना तिथे सापडली.

आकाशवाणीचा निवेदक याच्या दुसऱ्या टोकाला. त्याने स्वतःला मागे ठेवायचं. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलं कुणी, एवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. उच्चार स्वच्छ, ‘ण’ आणि ‘न’ वेगळे, शब्द चावलेला चालणार नाही. खाजगी एफएमची चटपटीत बडबड ऐकलेल्या तरुण कानांना हे निवेदन सपाट वाटेल. पण त्या सपाट वाक्याने एक मोठं काम केलं. सेलूच्या शाळेतल्या मुलाला गाण्याबरोबर शांता शेळके, श्रीनिवास खळे, हृदयनाथ मंगेशकर ही नावं पाठ झाली. आजच्या फोनवर गाणं वाजतं तेव्हा पडद्यावर गायकाचं नाव दिसतं. गीतकार शोधायचा तर खाली कुठेतरी जावं लागतं आणि मराठी गाण्यांच्या बाबतीत बऱ्याचदा तो नसतोच. निवेदकाचं ते एक वाक्य गाण्याच्या मागे असलेल्या माणसांना रोज मजुरीसारखं श्रेय चुकतं करत होतं. डीजेच्या सगळ्या करामतींपेक्षा हे काम मोठं म्हणावं लागेल.

विविध भारतीने दोन्हींच्या मधली वाट काढली. रात्रीचा ‘छायागीत’ हा निवेदकाच्या स्वतःच्या आवडीचा कार्यक्रम. ‘जयमाला’ सैनिकांच्या फर्माईशीचा आणि त्याच्या विशेष भागात सिनेमातली माणसं निवेदक व्हायची. मुंबई केंद्रावर नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी यांच्या श्रुतिका लोकांनी घरच्या माणसांसारख्या ऐकल्या. हे सगळे आवाज होते, चेहरे नव्हते. निवेदक बाजारात शेजारी उभा राहून भाजी घेत असला तरी कुणी ओळखायचं नाही, जोपर्यंत तो भाव विचारत नाही.

पोस्टकार्ड आणि आपलं नाव

फर्माईशीचा कार्यक्रम म्हणजे काय, हे आज मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. तुम्हाला एखादं गाणं ऐकायचं आहे. तुम्ही पोस्टकार्ड लिहायचं. ते केंद्रावर पोचायचं, तिथे ते कुणीतरी वाचायचं, शेकडो पत्रांतून निवडायचं, तबकडी ग्रंथालयातून शोधायची. मग एक दिवस, कदाचित तीन आठवड्यांनी, ते गाणं लागायचं. तुम्ही त्या वेळी रेडिओजवळ असाल तर ऐकायचं. शेतात असाल तर गेलं.

यात खरं आकर्षण गाण्याचं नव्हतंच, असं म्हणायला जागा आहे. आकर्षण होतं आपलं नाव ऐकण्याचं. झारखंडमधलं झुमरी तलैया हे गाव केवळ फर्माईशीच्या पत्रांमुळे देशभर माहीत झालं. मराठवाड्यातल्या छोट्या गावांसाठीही ती एक मोठी गोष्ट होती. पालम तालुक्यातल्या एखाद्या वाडीचं नाव वर्तमानपत्रात येणार कधी? अपघात झाला तर, नाहीतर गारपीट झाली तर. रेडिओवर ते गाण्याबरोबर यायचं आणि जिल्हाभर ऐकू जायचं. एका पत्रावर घरातल्या सगळ्यांची, शेजाऱ्यांची, मित्रांची नावं भरलेली असायची आणि निवेदक ती सगळी एका दमात वाचायचा. त्यासाठी ‘श्रोता संघ’ निघाले. काहींनी शिक्के बनवून घेतले, छापील कार्डं काढली. ‘गीतमाला’च्या क्रमवारीत तर तबकड्यांच्या विक्रीबरोबर अशा संघांची मतंही धरली जात.

इतकं सोनेरी होतं का सगळं?

नाही. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागायचा आणि दरवर्षी पैसे भरावे लागायचे. ही पद्धत 1980 च्या दशकात गेली. ट्रान्झिस्टर स्वस्त होईपर्यंत रेडिओ गावात एखाद्याच घरात असायचा आणि त्या ओसरीवर कुणी बसायचं, कुणी अंगणात उभं राहायचं हे गावच्या रीतीने ठरायचं. सेल संपले की पुढच्या बाजारापर्यंत शांतता. स्वयंपाकघरातल्या बाईला गाणं ऐकू यायचं ते भिंतीआडून, कारण काटा फिरवायचा अधिकार बाहेर बसलेल्याचा. खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरने हे बदललं, तो तिच्याबरोबर चुलीपाशी आणि शेतात जाऊ शकला. आणि सरकारी रेडिओवर सरकारविरोधी काही ऐकायला मिळायचं नाही, आणीबाणीत तर अजिबात नाही. त्यासाठी लोक रात्री बीबीसीची हिंदी सेवा लावत.

निवडही फार नव्हती. जे लागेल ते ऐका. आज ‘तेव्हा किती छान गाणी लागायची’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या दहा ते तीस वयातल्या गाण्यांबद्दल बोलत असतो. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना हे जुनं माहीत आहे की आयुष्यातल्या इतर काळापेक्षा याच वयातल्या आठवणी माणसाजवळ जास्त आणि ठळक उरतात. ज्याने 2005 मध्ये बारावी केली, त्याला हिमेश रेशमियाची गाणी ऐकून अगदी असाच हुंदका येतो.

हे सगळं वजा केलं तरी एक गोष्ट उरते. एका वेळी सगळ्यांनी एकच गाणं ऐकणं. पूर्णा स्टेशनच्या चहाच्या टपरीवर, जिंतूरच्या न्हाव्याच्या दुकानात आणि सोनपेठच्या घरात त्याच क्षणी तेच कडवं. रस्त्याने चालत गेलात तर एका घरात सुरू झालेलं गाणं चौथ्या घरात संपायचं, मध्ये एक ओळही न गाळता. हे कुठलंही ॲप देऊ शकत नाही. ॲप वाईट आहे असा याचा अर्थ नाही, त्याची बनावटच प्रत्येकाला वेगळं देण्याची आहे.

मग काय झालं?

आधी टेपरेकॉर्डर आला, मग टीव्ही. 1989 मध्ये ‘गीतमाला’ सिलोन सोडून विविध भारतीवर आली आणि 1994 मध्ये नियमित कार्यक्रम म्हणून थांबली. 2001 पासून खाजगी एफएम आलं, मोठ्या शहरांत. अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 ला गेले, वयाच्या 91 व्या वर्षी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने 234 नव्या शहरांत 730 खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. म्हणजे लहान शहरांच्या रेडिओत अजून पैसा आहे, असं कुणालातरी वाटतं.

दरम्यान सरकारी रेडिओत उलटी हालचाल आहे. देशभर जुनी मध्यम लहरींची यंत्रं टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. त्यांना वीज फार लागते, सुटे भाग मिळत नाहीत आणि ऐकणारे कमी झालेत, हे खरं आहे. मध्यम लहरींच्या जागी एफएम आलं की आवाज सुधारतो आणि टोकाची गावं सुटतात, हेही तितकंच खरं. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय आला, तेव्हा इतका विरोध झाला की तो थांबवावा लागला. मराठवाड्यातून बघताना त्यात एक उपरोध दिसतो. 1953 मध्ये औरंगाबाद बंद होऊन पुणे सुरू झालं, त्याची आठवण सत्तर वर्षांनी कुणी काढली नाही.

जुन्या रेडिओच्या नावाने व्यापारही चालू आहे. हजारो गाणी आतच भरलेली, जुन्या ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी पेटी 2017 मध्ये बाजारात आली आणि मुलांनी ती आईवडिलांना भेट द्यायचा सपाटाच लावला. तीत ‘गीतमाला’चे सयानींच्या आवाजातले भागही आहेत.

सयानींचा आवाज असा वाचला. परभणीसारख्या केंद्राच्या निवेदकांचं काय? गाणी तबकड्यांवर होती, ती राहिली. दोन गाण्यांमधलं बोलणं थेट असायचं, ते सहसा कुठे साठवलं जात नसे. फर्माईशीची नावं, गावांची यादी, मध्येच आलेली पावसाची सूचना, सगळं हवेत गेलं.

अपवाद एकच, लोकांच्या घरातल्या कॅसेट. ऐंशी-नव्वदच्या दशकात रेडिओ आणि टेप एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ अनेक घरांत होता आणि आवडतं गाणं लागलं की लाल बटण दाबलं जायचं. बटण दाबायला उशीर व्हायचा किंवा बंद करायला विसरायचं, त्यामुळे गाण्याच्या आगेमागे निवेदकाची दोन-चार वाक्यं नकळत टेप झालेली असतात. तेव्हा ती कटकट वाटायची.

तुमच्या घरात माळ्यावर अशी कॅसेट असेल, तर ती थेट लावू नका. आधी पेन्सिल किंवा बोटाने रीळ हलकेच फिरतंय का बघा. बुरशीचा पांढरा थर दिसला तर जाणकाराकडे द्या, नाहीतर प्लेअरही खराब होईल. रीळ ठीक असेल तर प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर लॅपटॉपला जोडून ध्वनिमुद्रण करता येतं. फोन स्पीकरजवळ धरून केलेलं मुद्रण चालेल, पण आवाज बसका येतो. फाईलला नाव देताना गाण्याचं नाव देऊन थांबू नका. केंद्र, अंदाजे साल, कॅसेट कुणाची आणि मध्ये कोण बोलतंय तेही लिहा. गाणं सगळीकडे मिळेल. मधलं बोलणं बहुधा तुमच्याच कॅसेटवर असेल.